खिडकीवरची फी आणि आयुष्यभराचा कर



मुंबईतल्या इमारतीच्या मालमत्ता कराच्या बिलात एक ओळ असते : राज्य शिक्षण उपकर. १९६२ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा केला आणि शहरांतल्या मिळकतींवर हा उपकर बसला. चाळीचा मालक तो महापालिकेत भरायचा आणि भाडेकरूंच्या पावतीत चढवायचा. २०२२ च्या सुरुवातीला मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. त्याआधीची साठ वर्षे करी रोड, लालबाग, डिलाईल रोड, काळाचौकी इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांनी महाराष्ट्राच्या शिक्षणासाठी आपला वाटा दिलेला आहे. घरातला कोणी कॉलेजात गेला असो वा नसो, दिलेला आहे.

ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली, कारण आजच्या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा चुकीच्या चित्रावर उभी असते. विद्यापीठातल्या शिक्षणाचा खर्च करदात्याने करावा की विद्यार्थ्याने, असं विचारलं की डोळ्यांसमोर दोन वेगळी माणसं येतात. एक कष्टाने कमावणारा, प्राप्तिकर भरणारा करदाता. दुसरा त्याच्या पैशावर शिकणारा, कुठलासा पोरगा. गिरणगावात ही दोन माणसं एकाच खोलीत राहतात. बाप साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतो आणि मुलगी टी.वाय.ला असते. प्राप्तिकर भरत नाही तो करदाता नाही, हा समज आपण आज इथेच सोडून देऊ.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दिवसा नोकरी करून रात्रशाळेत शिकवत. समोर बसणारी मुलं दिवसपाळी करून, डोक्यातला कापूस झाडून आलेली असत. तेव्हा या विषयावर मी इथे बोलताना हातचं राखून बोलणं बरं नव्हे. माझं मत आधीच सांगतो. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतलं शिक्षण करातून चालावं. प्रवेशाच्या खिडकीवर विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क घेऊ नये. शिकून जो कमावेल, त्याच्याकडून समाजाने आपला वाटा कराच्या रूपाने आयुष्यभर घ्यावा. पैसे कोणी द्यायचे, यापेक्षा ते कधी मागायचे हा प्रश्न मला मोठा वाटतो. जून महिन्यात, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे, त्याच्या हातात काहीच नसताना ते मागणं अन्यायाचं आहे.

पण या मताला सगळ्यांत बळकट आक्षेप घेतला तो कुठल्या उद्योगपतीने किंवा अर्थमंत्र्याने नाही. तो घेतला जोतीराव फुल्यांनी. म्हणून तिथूनच सुरुवात करायला हवी.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी पुण्याहून हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या श्रमातून, शेतसाऱ्यातून. आणि त्या तिजोरीतला शिक्षणाचा पैसा सढळ हाताने खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. कुणब्याच्या पोराला गावात धड शाळा नाही, आणि त्याच्या बापाच्या साऱ्यावर दुसऱ्याचा मुलगा पदवीधर होतो. हे पदवीधर पुढे आपल्या अडाणी बांधवांसाठी काय करतात, असाही त्यांचा रोखठोक सवाल होता. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तरी सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तिथेच केली.

हा आक्षेप तेव्हा खराच होता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. भांडारकर होते. रानडे दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या काळी ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा पैसा इंग्रजी अमदानीत विद्येकडे वळवला गेला, त्यातून या फेलोशिप दिल्या जात. रानड्यांचं मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण महाराष्ट्रातल्या पहिल्या पदवीधरांच्या पिढीलाही सार्वजनिक पैशाचा आधार होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फुकट शिक्षणाची सवय गरिबांनी लावली, असं आज ऐकू येतं. इतिहास तसं सांगत नाही.

आजही फुल्यांचा आक्षेप निकालात निघालेला नाही. २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षणाच्या वयाच्या लोकसंख्येमागे तिथे नोंदलेल्यांचं प्रमाण २८.४ टक्के होतं. मोठा हिस्सा अजून दाराबाहेर आहे आणि करातून तो आतल्यांचा खर्च उचलतो. शिवाय ज्या संस्थांमध्ये एका विद्यार्थ्यामागे सर्वांत जास्त सरकारी पैसा खर्च होतो, तिथे पोहोचण्यासाठी महागडे क्लास लागतात. वडाळ्याच्या झोपडीतला हमाल जो कर भरतो, त्यातला काही भाग अशा मुलावर खर्च होतो ज्याच्या वडिलांनी दोन वर्षांच्या क्लासची फी एका चेकने भरली. माझ्या मताच्या माणसांनी हे मान्य केलं पाहिजे. मान्य न करता पुढे गेलो तर आपण जोतीरावांशी प्रतारणा करतो.

मात्र त्याच निवेदनात फुल्यांनी पुढे काय म्हटलं, ते सहसा सांगितलं जात नाही. सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावं आणि ते खाजगी संस्थांकडे सोपवावं, असा विचार तेव्हा जोरात होता. फुल्यांनी त्याला विरोध केला. सरकार बाजूला झालं तर शिक्षणाच्या प्रसाराला खीळ बसेल आणि शिक्षणातली निःपक्षपाती वृत्ती धोक्यात येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. शिष्यवृत्त्याही केवळ स्पर्धेवर न देता, ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलं नाही त्यांना मिळाव्यात अशी व्यवस्था त्यांना हवी होती. म्हणजे रयतेच्या पैशावर वरच्यांची मुलं शिकतात या दुखण्यावर त्यांनी सांगितलेला उपाय पैसा काढून घेण्याचा नव्हता. रयतेचीही मुलं आत घ्या, असा होता. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आज फी वाढवण्याच्या बाजूने फुल्यांचा आक्षेप पुढे करणारे त्यांचं अर्धं निवेदन वाचतात.

आता या वस्तीतलाच एक माणूस घेऊ. करी रोडहून चालत थोड्या वेळात पोचाल अशी परळची पोयबावडी. तिथल्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कुटुंबाचं बिऱ्हाड वीसहून अधिक वर्षे होतं. बाबासाहेबांच्या शिक्षणाबद्दल आपण पुष्कळ ऐकलेलं असतं, पण त्या शिक्षणाचा पैसा कुठून आला याचा हिशेब मांडून पाहिला तर आजचा सगळा वाद त्या एका आयुष्यात सापडतो.

एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१३ साली बडोदा सरकारच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराजांची उदारता यात होतीच. पण तो पैसा बडोदा संस्थानच्या तिजोरीतला, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातला होता. आजच्या भाषेत करदात्याचा. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले, तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकू लागले, आणि त्यांना परत यावं लागलं. करार पुरा झाला नाही. बडोद्याच्या वहीत हा खर्च बुडीत दिसला असेल. देशाला त्यातून काय मिळालं ते इथे सांगायला नको. शिक्षणावरच्या खर्चाचा परतावा त्याच वहीत, त्याच नावावर, त्याच मुदतीत शोधायचा नसतो.

कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेलं शिक्षण मात्र अपुरं राहिलं होतं आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. संस्थानचा पैसा, राजाची मदत, स्वतःची बचत आणि कर्ज असे चारही मार्ग एका माणसाने पाहिले. यातल्या शेवटच्या दोन मार्गांचा भार कोणावर पडला? पोयबावडीच्या खोलीत मागे राहून काटकसरीने घर चालवणाऱ्या रमाबाईंवर. विद्यार्थी स्वतः आपला खर्च करतो असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो खर्च घरातलं कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन करत असतं. बहुतेक वेळा ती बाई असते. अर्थशास्त्राच्या कोष्टकात तिला रकाना नाही.

हे सगळं सोसलेला माणूस पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेला आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभा राहिला. त्या भाषणात त्यांनी आकडे मांडले. या इलाख्यात शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च होतात आणि अबकारीतून सरकार दरडोई दोन रुपयांहून जास्त मिळवतं. कला महाविद्यालयांच्या खर्चातला सुमारे ३६ टक्के भाग फीमधून वसूल होतो, हायस्कुलांत ३१ टक्के, मिडल स्कुलांत २६ टक्के. याला त्यांनी शिक्षणाचा व्यापार म्हटलं. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणायची गोष्ट आहे, मागासलेल्या वर्गांना ते जितकं स्वस्त करता येईल तितकं केलं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आणि या भाषणानंतर आठच दिवसांनी ते महाडला चवदार तळ्यावर होते. मला या दोन तारखा एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या, राखलेल्या ठिकाणी सर्वांना जाता आलं पाहिजे. तळं असो की कॉलेज, मागणी एकच.

१९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथे सकाळचे वर्ग भरत, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. फीइतकाच वेळही महाग असतो, हे त्यांना ठाऊक होतं. गिरणगावातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर सकाळच्या नाहीतर रात्रीच्या वर्गांतून निघाला आहे.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळी वाट धरली. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. ‘कमवा आणि शिका’ हे तिचं सूत्र. मुलांनी शेतात राबायचं, खडी फोडायची, वसतिगृहात एकत्र जेवायचं आणि शिकायचं. विद्यार्थ्यानेच खर्च करावा असं म्हणणारे कधी कधी भाऊरावांचा दाखला देतात. तो दाखला लागू पडत नाही. भाऊरावांनी मुलाकडून श्रम घेतले, पण श्रमाचं काम संस्थेने दिलं, जेवण संस्थेने दिलं, आणि त्यासाठी गावोगाव धान्य मागून आणलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी गेले. हातात काम न देता फीचा आकडा दाखवणं आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

स्वातंत्र्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे या वस्तीसाठी बरी गेली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ई.बी.सी.ची सवलत आली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली. फॉर्मवर ‘ई.बी.सी.’ लिहिताना पोरं संकोचायची, पण लिहायची. दादरला १९५४ मध्ये कीर्ती कॉलेज आलं, परळला १९६२ मध्ये महर्षी दयानंद कॉलेज. सरकारने प्राध्यापकांच्या पगाराची जबाबदारी घेतली, फी आवाक्यात राहिली. गिरणीतल्या कामगाराचा मुलगा बँकेत, एल.आय.सी.त, बेस्टमध्ये, मंत्रालयात लागला. कोकणातून आलेल्या, साताऱ्याहून आलेल्या, खानावळीत जेवून गाळ्यात झोपलेल्या माणसांची मुलं एका पिढीत वर सरकली. याच सुमारास कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असं सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. ते सहा टक्के देशाने आजवर गाठलेले नाहीत.

मग दोन वर्षे अशी आली की त्यांचा विचार एकत्र करायलाच हवा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच आत गेले नाहीत. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजं काढायला परवानगी दिली. मुंबईतल्या लाखो घरांचा पगार बंद झाला आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात पैसे मोजून घ्यायच्या जागांचं दार उघडलं. कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रातली मुलं कर्नाटकात डोनेशन देऊन शिकायला जात होती, सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसे नव्हते, ग्रामीण भागाला इंजिनिअर हवे होते, ही कारणं खरी आहेत. त्या कॉलेजांतून चांगले इंजिनिअर निघाले, हेही खरं. पण गिरणगावावर त्याचा परिणाम काय झाला? ज्या पिढीला कारखान्यातून बाहेर पडून नव्या कौशल्याकडे वळायची सर्वांत जास्त गरज होती, तिच्यासमोर नव्या कौशल्याची जागा विकत घ्यायची ठेवली गेली. मुलं वॉचमन झाली, कुरिअरवाली झाली. काही वाईट मार्गाला लागली. दहावी-बारावीला चांगले मार्क असलेली मुलं त्यांत होती, हे या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं आहे.

डोनेशनचा प्रकार इतका वाढला की १९८७ साली महाराष्ट्राला कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पुढे प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. उन्नीकृष्णन, टी.एम.ए. पै, आणि २००५ सालचा आपल्या महाराष्ट्रातून गेलेला इनामदार खटला. निकालांच्या तपशिलात मी शिरत नाही. एवढंच सांगतो की फी किती असावी यावर न्यायालयं आणि समित्या वीस-पंचवीस वर्षे झगडल्या, आणि फी असावी का, हा प्रश्न दरम्यान कोणी विचारेनासं झालं.

१९९३ मध्ये न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आपल्या खर्चातला पंधरा टक्के आणि पुढे पंचवीस टक्के भाग स्वतः उभारावा असं सुचवलं. त्याची मुंबईतली खूण म्हणजे अनुदानाशिवाय, फीवरच चालणारे सेल्फ फायनान्सचे वर्ग. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, शेजारच्या खोल्यांत दोन दर्जे बसू लागले. इकडे अनुदानित बी.कॉम., फी काही हजार. तिकडे बी.एम.एस., फी कितीतरी पट. शिकवणारे पुष्कळदा तासिका तत्त्वावरचे तरुण, ज्यांना महिन्याकाठी खोलीचं भाडंही निघत नाही. मी मध्य मुंबईतल्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकवलं. फी परवडत नाही म्हणून आवडीचा विषय सोडून दुसऱ्या वर्गात बसलेली मुलं प्रत्येक वर्षी समोर असत. ती तक्रार करत नसत. त्यांना ते नैसर्गिक वाटायला लागलं होतं, याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

कर्ज आहे ना, असं उत्तर येतं. शैक्षणिक कर्जाच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही असं लिहिलं आहे. बँकेच्या काउंटरवर बापाचा पगार, जुने हप्ते, कॉलेजचं नाव सगळं विचारलं जातं. त्यावरच्या रकमेला तारण लागतं. करी रोडच्या माणसाकडे तारण काय असतं? पागडीची खोली. पन्नास वर्षे राहतोय, पण मालकीचा कागद नाही. इमारत पुनर्विकासात गेलेली असेल तर संक्रमण शिबिरातली चावी. मग पतपेढी, भिशी, नाहीतर सोनं गहाण. अशा कर्जाने शिकणारा मुलगा निवडही भीतीने करतो. गणिताची आवड असली तरी ज्यात नोकरी लवकर लागेल तेच घेतो, एक वर्ष फुकट गेलं तर काय ही धास्ती घेऊन वर्गात बसतो. जोखीम कोणी पेलायची, हा या प्रश्नाचा गाभा आहे. दहा हजार मुलांतली काही नापास होणार, काहींना नोकरी उशिरा लागणार, काही आजारी पडणार. राज्य हे सहज पेलू शकतं. एक घर नाही पेलू शकत.

परदेशात काय झालं तेही थोडं पाहू. इंग्लंडमध्ये १९९८ पर्यंत तिथल्या विद्यार्थ्याला विद्यापीठात फी नव्हती. १९९८ साली एक हजार पौंड आली, २००६ साली तीन हजार, २०१२ साली नऊ हजार. चौदा वर्षांत नऊपट. एकदा खिडकी उघडली की आकडा वाढवणं किती सोपं असतं, ते यातून दिसतं. जर्मनीत अनेक राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास सत्राला पाचशे युरो फी लावून पाहिली आणि २०१४ पर्यंत सगळ्यांनी ती काढून टाकली. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली मधला मार्ग काढला. शिकताना पैसे नाहीत, पुढे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेलं की प्राप्तिकराबरोबर कापून घ्यायचे. सगळ्या फीपद्धतींत हीच मला सुसह्य वाटते, कारण ती वेळ पाळते. पण उत्पन्नावर चढता कर आपल्याकडे आहेच. शिकलेला माणूस जास्त कमावतो, जास्त कर देतो. मग त्याच्या नावावर वेगळं कर्ज चढवून बाविसाव्या वर्षी त्याला ऋणको करायचं कशासाठी?

फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही, हा आक्षेप तर घरोघरी ऐकू येतो. त्याला उत्तर द्यायला लांब जायला नको, परळच्या के.ई.एम.मध्ये चला. के.ई.एम. आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झाली. गोवर्धनदास सुंदरदासांच्या विश्वस्तांची देणगी होती, तिथे भारतीय डॉक्टरांनीच शिकवावं अशी अट होती. पण देणगीतून इमारत होते, दर महिन्याचा पगार होत नाही. फोर्टातला राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या पैशाने उभा राहिला, विद्यापीठ चालवायला मात्र दुसरा पैसा लागला. तसंच इथेही. शंभर वर्षे हे कॉलेज आणि रुग्णालय मुंबई महापालिकेच्या तिजोरीवर, म्हणजे या शहराच्या करावर चाललं आहे. खाजगी मेडिकलच्या मानाने नाममात्र फीत शिकलेल्या तिथल्या डॉक्टरांना आपल्या शिक्षणाची किंमत नव्हती, असं कोण म्हणेल? २०२० साली कोरोनाच्या वॉर्डात चोवीस तास उभे होते ते निवासी डॉक्टर कोण होते? पदव्युत्तर विद्यार्थी. आपण त्यांना शिकवत होतो की ते आपल्याला वाचवत होते? कोकणातून, खानदेशातून, लालबागमधून केस पेपर काढायला पहाटे रांगेत उभा राहणारा माणूस या शिक्षणाचा लाभार्थी आहे. कॉलेजात पाऊल न टाकताही आहे. जोतीरावांच्या प्रश्नाला मिळालेलं हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं तेव्हा मिळेल, जेव्हा त्या रांगेतल्या माणसाची मुलगी तिथे शिकत असेल.

पैसे कुठून आणायचे, हे विचारणं रास्त आहे. या सभागृहाच्या बाहेर पडून वर पाहिलं की गिरण्यांच्या जमिनीवरचे मनोरे दिसतात. सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन होती. २००१ साली विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम बदलला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला, आणि मोकळ्या जागांचा, कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला. त्या जमिनीची किंमत कोणी वाढवली? चार पिढ्यांच्या कामगारांनी आणि या शहराने. तिथल्या मोठ्या सदनिकांवरचा शिक्षण उपकर चढत्या दराने वाढवायला काय हरकत आहे? कायदा आहे, वसुलीची यंत्रणा आहे. त्या मनोऱ्यातल्या मुलानेही अनुदानित कॉलेजात फी न देता शिकावं, माझी हरकत नाही. त्याच्या घराने उपकर दिलेला असेल. एका बाकावर दोघं बसली तर ते कॉलेज चांगलं राहील याची काळजी वाहणारी माणसंही वाढतील. फक्त गरिबांसाठी म्हणून चालवलेल्या संस्था कशा खालावतात, ते आपण महापालिकेच्या मराठी शाळांच्या बाबतीत पाहतो आहोत.

दुसरा पैसा आजही खर्च होतोच आहे, वाट चुकीची आहे. खाजगी कॉलेजची फी ठरते, आणि सवलतीस पात्र मुलांची ती फी सरकार शिष्यवृत्तीच्या नावाने भरतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं होतं. या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करतो. आपल्या वस्तीतल्या मुली त्यामुळे इंजिनिअरिंगला, फार्मसीला गेल्या आहेत. पण हा पैसा दर वर्षी खाजगी संस्थेच्या खात्यात जातो आणि सरकारच्या हाती त्यातून ना प्रयोगशाळा राहते, ना कायम प्राध्यापक. त्यातला काही भाग तरी सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या रिकाम्या जागा भरायला गेला, सेल्फ फायनान्सचे वर्ग हळूहळू अनुदानावर आले, तर तीच रक्कम पुढच्या पिढीलाही उपयोगी पडेल. वसतिगृह आणि जेवणाचा भत्ता हाही खर्चाचाच भाग धरा. बडोद्याचे पंचवीस रुपये काही केवळ फीसाठी नव्हते.

हे सगळं व्हायला वर्षे लागतील, याची मला जाणीव आहे. पण येत्या प्रवेशाच्या वेळी काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. शासन निर्णय असूनही काही ठिकाणी मुलींकडून आधी पूर्ण फी भरून घेतली जाते आणि महाडीबीटीचे पैसे आले की परत देऊ असं सांगितलं जातं. पैसे यायला कधी वर्ष उलटतं. तोवर पतपेढीचं व्याज चालू असतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळत नाही म्हणूनही जागा जातात. इथली मंडळं पुस्तकपेढ्या चालवतात, वह्या वाटतात, रक्तदान करतात. त्यांनी मे महिन्यापासून प्रवेशासाठी एक टेबल मांडावं. त्यावर शासन निर्णयाची छापील प्रत असावी, दाखल्यांसाठी मदत करणारी दोन शिकलेली पोरं बसावीत, आणि एक वही असावी. कोणाकडून, कुठल्या अभ्यासक्रमाला, किती फी मागितली, कोणाचा प्रवेश पैशावाचून राहिला, ते त्या वहीत तारखेसह लिहावं. ऑगस्टमध्ये प्रवेश संपले की ती वही आमदारांच्या हाती द्यावी आणि विधानसभेत त्यावर प्रश्न विचारा असं सांगावं. पहिल्या वर्षी त्या टेबलावर बसायला मी येईन.